वालाचा पाऊस, बाजरीचा पाऊस

आपण पाऊस नक्षत्रांनी ओळखतो: मृगाचा, आर्द्राचा, हस्ताचा. मध्य केनियात डोंगरउतारांवर शेती करणारे किकुयू लोक तो पिकावरून ओळखतात. मार्च ते मे हा ‘न्जाही’चा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर हा ‘म्वेरे’चा. न्जाही म्हणजे वाल, म्वेरे म्हणजे बाजरी.

न्जाहीचा दाणा काळाभोर असतो आणि त्याच्या कडेला पांढरी शुभ्र रेघ असते. किकुयू घरांत बाळंतिणीला हा वाल शिजवून घालतात. मोसमाचं नाव असं तिच्या ताटात उतरतं.

विषुववृत्तावर उन्हाळा-हिवाळा असा भेद फारसा जाणवत नाही. सूर्य वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, माथ्यावर येतो. त्याच्या मागोमाग ढगांचा पट्टा एकदा उत्तरेकडे सरकतो, एकदा दक्षिणेकडे परततो. वर्ष मोजायचं ते पाण्यानेच. किनाऱ्यावरच्या स्वाहिलीत या दोन पावसांना ‘मासिका’ आणि ‘वुली’ म्हणतात. ईशान्येचा वारा ‘कास्काझी’, दक्षिणेकडचा ‘कुसी’. या दोहोंच्या सांध्यावर मुख्यतः पाऊस पडतो. कुसी पुरता स्थिरावला, की आफ्रिकेच्या डोंगरांना खेटून विषुववृत्त ओलांडतो, सोमालियावरून अरबी समुद्राकडे वळतो आणि जूनमध्ये सह्याद्रीला येऊन भिडतो. त्यांचा मासिका ओसरतो, तेव्हा आपला मृग लागतो.

हा सांधा नाजूक आहे. 2019 मध्ये हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापली आणि वुलीने पूर आणले. पुढे 2020 च्या अखेरीपासून केनियाच्या उत्तर आणि पूर्व भागांत ओळीने पाच पावसाळे हुकले. गुराख्यांच्या डोळ्यांदेखत जनावरं गेली.

मृग कोरडा गेला तरी नक्षत्र आभाळात असतंच. पुढच्या वर्षी ते पुन्हा येतं. वालाच्या नावाच्या पावसाला मात्र वाल पिकवूनच आपलं नाव खरं करावं लागतं. आज किकुयू शेतांत बाजरीची जागा बहुतांशी मक्याने घेतली आहे, तरी म्वेरेचं नाव टिकून आहे. मला त्या नावात माणसाने आभाळापुढे ठेवलेलं मागणं ऐकू येतं: नुसता पडू नकोस, कुणाच्या तरी पोटात जाईल असं काही दे.