देण्याची मुभा

आजची सकाळ जरा दूरच्या एका स्वयंपाकघरात सुरू करू या. मिझोराममधल्या डोंगरावरचं घर. भात टाकायची वेळ झाली आहे. आज जेवायला किती माणसं, हे बघून घरातली बाई तांदूळ मोजून घेते. ते धुण्याआधी त्यातलीच एक मूठ उचलते आणि बाजूच्या वेगळ्या डब्यात टाकते. मग उरलेल्या तांदळाचा भात होतो. जितक्या वेळा भात, तितक्या वेळा मूठ. मिझो ख्रिस्ती बायकांच्या या रीतीला ‘बुहफाई थाम’ म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. साठलेले तांदूळ मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायका घरोघरी फिरून गोळा करतात, ते विकले जातात आणि आलेला पैसा चर्चच्या कामाला लागतो.

ही रीत 1910 साली सुरू झाली. मिशनरी तिथे पोचले होते 1894 मध्ये, म्हणजे रीत सुरू झाली तेव्हा ही मंडळी अगदी कोवळी होती. बायकांच्या हाती रोख पैसा जवळजवळ नसायचा. शाळा, दवाखाना, पुस्तकं, सगळ्यासाठी मदत समुद्रापलीकडून यायची आणि हे लोक कायम घेणारे म्हणूनच ओळखले जायचे. त्यात 1911-12 च्या सुमारास मौताम आला. बांबू फुलला, त्याचं बी खाऊन उंदीर बेसुमार माजले आणि त्यांनी शेतंच्या शेतं फस्त केली. डोंगरभर दुष्काळ पडला. त्या दिवसांत कोणी मूठ काढायचं थांबवलं असतं, तर नावं ठेवायला कोणाची जीभ रेटली नसती. तरी रीत टिकली. आज त्याच मुठींतून वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात.

त्या कोटींपेक्षा माझं मन अडकतं ते मूठ काढायच्या वेळेवर. जेवणं आटोपल्यावर काय उरलं ते बघून ही मूठ निघत नाही. ती आधी निघते, आणि माणसं मोजून घेतलेल्या तांदळातून निघते. म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या ताटात तेवढा भात कमी पडतो, लेकरांच्यासुद्धा. त्यामुळे ते दान साऱ्या घराचं होतं. ज्या मुलाच्या वाटचे चार दाणे रोज त्या डब्यात गेले, ते मूल लहानपणीच देणारं होतं.

आपल्याकडेही मुठीची ही ताकद कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओळखली होती. त्यांच्या वसतिगृहातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी खेडोपाडीच्या आयाबाया दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढत. त्याला मुष्टिफंड म्हणत. देणाऱ्या घरांपैकी बरीच घरं स्वतः हातातोंडाची गाठ घालणारी होती.

अशा वेळी यरुशलेमच्या मंदिरातली विधवा आठवतेच. श्रीमंत माणसं दानपेटीत भरभरून टाकत होती, तिनं दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या, आणि सगळ्यांपेक्षा हिनंच जास्त दिलं असं येशूनं शिष्यांना बोलावून सांगितलं. पण ही गोष्ट सांगणाऱ्यांनी तिच्या जरा आधीचं वाचायला विसरू नये. लांबलांब प्रार्थना करणारे आणि विधवांची घरं गिळणारे शास्त्री, त्यांच्यावर येशू तिथेच कडक शब्दांत बोलला आहे. त्या बाईचं नाव घेऊन गरिबाच्या खिशात हात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. ‘दे, देव शंभरपट परत करील’ असं सांगून जे अर्पण गोळा होतं, त्याचंही मला दुःख होतं. परताव्याचा हिशेब मनात शिरला की तो सौदा होतो, आणि सौद्यात धाकधूक असते. आनंद कुठून असणार?

आनंद बघायचा असेल तर आमच्या मराठी मंडळीतला कापणीचा सण बघा. लोक शेतातलं, परसातलं आणतात. बाजरी, भोपळा, मेथीची जुडी, अंडी, पायाला दोरी बांधलेली एखादी कोंबडी. उपासना झाली की लिलाव सुरू होतो. कोणीतरी दहा रुपयांची मेथी दोनशेला घेतं, आणि लगेच म्हणतं, “पाळकसाहेब, परत लावा बोली!” तीच जुडी पुन्हा विकली जाते. ज्या आजीनं ती आणलेली असते ती पदर तोंडाला लावून हसत असते, कारण तिच्या मेथीनं आज सगळ्या मंडळीला कामाला लावलेलं असतं. घरून आणायला तिच्याकडे तेवढंच होतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही राहत नाही.

प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आठव्या-नवव्या अध्यायात, देण्याचा हाच आनंद आहे. यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठी तो वर्गणी गोळा करत होता. मासेदोनियातल्या मंडळ्या तेव्हा छळात होत्या आणि कमालीच्या गरीब होत्या. त्यांनी ऐपतीबाहेर दिलं. मला थांबवतो तो त्याच्या पुढचा तपशील: त्यांनी पौलाला गळ घातली, आम्हालाही यात भाग घेऊ द्या म्हणून विनवलं. देण्याची मुभा त्यांनी मागून घेतली! आणि जबरदस्तीनं, कुढत कोणी देऊ नये, हेही पौल त्याच पत्रात बजावतो.

आपण मात्र माणुसकीच्या नावाखाली ही मुभा कितीजणांना नाकारतो. पूरग्रस्तांसाठी सोसायटीत वही फिरते, तेव्हा वॉचमनकाकांना वगळून पुढे जातो. कामाला येणाऱ्या मावशींना विचारायचं मनातही येत नाही. “त्यांना कशाला त्रास?” असं म्हणतो आणि त्यांना कायमचं घेणाऱ्यांच्या रांगेत बसवून मोकळे होतो. मावशींनी कुठल्यातरी पुरात स्वतःचं घर वाहून जाताना पाहिलेलं असू शकतं. त्या काय देतील आणि कशासाठी देतील, हे आपल्याला काय ठाऊक? पुढच्या खेपेला वही त्यांच्याही समोर धरा. आग्रह करू नका, आकडा सुचवू नका. त्या नको म्हणाल्या तर तितक्याच आदरानं पुढे व्हा. आणि त्यांनी कनवटीचे वीस रुपये काढले, तर “राहू द्या हो” म्हणून हात मागे घेऊ नका. त्यांचं नाव विचारा आणि बाकीच्यांच्या नावांखाली नीट, पूर्ण लिहा.