झूल आणि धांव

मोटारगाडीच्या पाठीवर पंखासारखी जी एक पट्टी हल्लीं सर्रास दिसते, तिला स्पॉइलर म्हणतात. नांवाचा अर्थ पाहिला तर ‘बिघडविणारा’ असा होतो. आणि गाडी शोभिवंत व्हावी म्हणून लोक जिच्यासाठीं पैसे मोजतात त्या वस्तूला असें अशुभ नांव असावें, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु बिघडवावयाचा असतो तो वाऱ्याचा डाव. वेगानें जाणाऱ्या गाडीच्या छपरावरून व पाठीवरून वारा सुरळीत वाहूं लागला म्हणजे तो तिला वर उचलूं पाहतो, आणि मागचीं चाकें जमिनीवरील पकड सोडूं लागतात. त्या वाऱ्याच्या वाटेंत हा अडसर उभा केला कीं ती उचल मोडते. हें झालें शास्त्र. आमच्या नागपुरांत धरमपेठेंत, सदरांत वा वर्धा रस्त्यावर ज्या गाड्यांवर हे पंख दिसतात, त्यांच्या मालकांनीं या शास्त्राचा कितपत विचार केलेला असतो, हा भाग निराळा.

आमचा प्रश्न त्याहून साधा आणि, आमच्या मतें, त्याहून अवघड आहे. हा पंख आपण स्वतः बसवावा कीं जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा? पुष्कळ घरांतून हा वाद होतो. मुलगा म्हणतो, “बाबा, दोन तासांचें काम आहे, चिकटपट्टी सोबतच येते, दुकानदाराला फुकटची मजुरी कशाला?” वडील म्हणतात, “अरे, पण गाडी बिघडली म्हणजे?” दोघेहि हा प्रश्न पैशांचा समजतात, एकास मजुरी वाचवावयाची असते, दुसऱ्यास गाडी. तो हिशेब आम्ही येथें मांडणार नाहीं. कोणतें काम मनुष्यानें स्वतःच्या हातानें करावें, कोणतें करूं नये, आणि पैसे देऊन तें दुसऱ्याकडून करविलें म्हणजे त्याची जबाबदारी आपल्या अंगावरून उतरते काय, हा जुना नीतीचा प्रश्नच या प्लॅस्टिकच्या पट्टीच्या रूपानें पुन्हां दारांत आला आहे.

प्रथम त्या पट्टीची बाजू न्यायानें सांगितली पाहिजे. ती नुसती नटवेगिरी नव्हे. १९६६ सालीं जिम हॉल या अमेरिकनानें आपल्या चॅपरल नांवाच्या शर्यतीच्या गाडीवर उंच पंख उभारला, तेव्हां वळणावर गाडी जमिनीस धरून राहावी हाच त्याचा हेतु होता. १९७२ सालीं पोर्शेनें आपल्या एका गाडीच्या पाठीला बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा दिला, तोहि याच कारणासाठीं. ऑडीच्या टीटी या गाडीची कथा तर अधिक बोलकी आहे. तिची पाठ पंखावांचून, अगदीं गोटीव घडविलेली होती आणि पाहणाऱ्यांनीं तिची वाखाणणी केली. पण जर्मनींतील वेगमार्गांवर भरवेगांत तिचे अपघात होऊं लागले, आणि अखेर १९९९-२००० च्या सुमारास कंपनीला विकलेल्या गाड्या परत बोलावून इतर दुरुस्त्यांबरोबर त्यांवर स्पॉइलर बसवून द्यावा लागला. सौंदर्य एकीकडे आणि जीव एकीकडे, अशी ती निवड होती.

मात्र या सर्व कथा वेगाच्या आहेत. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानें वाढतो. वेग चौपट झाला तर जोर सोळापट होतो. सीताबर्डीच्या गर्दींत ताशीं ३० किलोमीटरांनीं सरकणाऱ्या गाडीवरचा पंख वाऱ्याशीं कांहींच बोलत नाहीं. शिवाय आपल्याकडील बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांनीं ओढल्या जातात, तेव्हां मागच्या चाकांवर दाब वाढवून गाडीची ओढ वाढत नाहीं. थोडक्यांत, शहरांत हा पंख निव्वळ अलंकार आहे. परंतु तीच गाडी समृद्धि महामार्गाला लागली म्हणजे गोष्ट बदलते. ११ डिसेंबर २०२२ रोजीं या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्यें सबंध ७०१ किलोमीटर पुरे झाले, आणि त्यावर मोटारींना सपाटीवर ताशीं १२० किलोमीटरांची मुभा आहे. बर्डीवरचा अलंकार तेथें सोळापट जोरानें ओढला जातो. तो नीट घडलेला असेल तर कदाचित् उपयोगी पडेल. नीट बसलेला नसेल तर काय होईल, तें पुढें येईलच.

अलंकार म्हणून तो तुच्छ मानावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या वाहनाला नटविण्याची हौस या प्रांतांत मोटारीच्या किती तरी आधींची आहे. पोळ्याच्या दिवशीं विदर्भांतला कास्तकार आपल्या बैलांच्या शिंगांना रंग देतो, बेगड लावतो, गळ्यांत घुंगुरमाळा घालतो, पाठीवर झूल टाकतो. त्या झुलीनें बैल अधिक ओझें ओढीत नाहीं, हें त्या कास्तकारास आमच्यापेक्षां चांगलें ठाऊक असतें. दुसऱ्या दिवशीं नागपुरांत भरणारा तान्हा पोळा तर लांकडाच्या बैलांचा. तेथें ओढण्याचा प्रश्नच नाहीं, मुलांनीं बैल सजवावे आणि मिरवावे एवढेंच. आणि लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, बैलास झूल घालावयाला कोणी मजूर लावीत नाहीं. ज्याचा बैल त्यानेंच तो धुवावा, त्यानेंच सजवावा. ही सजावट म्हणजे उपकाराची फेड आहे, आणि ती दुसऱ्याच्या हातून झाली तर तिच्यांतला जीवच जातो. ज्या मुलाला आपल्या गाडीचें काम स्वतः करावेंसें वाटतें त्याच्या मनांत केवळ काटकसर असते असें म्हणणें म्हणूनच अन्यायाचें होईल. हप्त्यांनीं घेतलेली वस्तु आपल्या हाताखालून गेली म्हणजे प्रथमच खऱ्या अर्थानें आपली होते, ही भावना खोटी नाहीं. आमच्या वर्गांतील पांढरपेशेपणानें हाताच्या कामाची जी लाज शिकविली, तिच्यावर असा मुलगा हा एक उताराच समजावा.

या भावनेला मोठा आधारहि येथून जवळच आहे. नागपुरापासून सुमारें पाऊणशें किलोमीटरांवरील सेवाग्रामला गांधीजी १९३६ सालीं राहावयास गेले, आणि ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेंतून हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याची नई तालीम निघाली. स्वतःच्या हातानें काम करण्याचा महिमा याहून अधिक कोणीं गाइला असेल असें वाटत नाहीं. पण तो महिमा सांगणारे लोक एक गोष्ट विसरतात. दक्षिण आफ्रिकेंतील तुरुंगांत गांधीजींनीं स्वतः चपला केल्या आणि १९१४ सालीं तो देश सोडतांना त्यांतील एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला. स्मट्स यांनीं त्या कित्येक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ सालीं, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या प्रसंगीं, परत पाठविल्या. आतां त्या चपला इतकीं वर्षें टिकल्या कशानें? सद्भावनेनें चामडें शिवलें जात नाहीं. गांधीजींचे स्नेही कॅलनबाख हे ट्रॅपिस्ट साधूंच्या मठांत जाऊन तें काम शिकून आले, त्यांच्यापासून गांधीजी शिकले, मग आश्रमांतील इतर शिकले. स्वतःचा हात म्हणजे न शिकलेला हात, असा अर्थ त्यांनीं कधींच केला नाहीं.

आणि येथें आम्हांस बैलाच्या झुलीवरून बंडीच्या चाकाकडे वळावें लागतें. लांकडी चाकावर लोखंडाची जी धांव चढवितात ती चाकाहून किंचित् लहान घडवावी लागते. ती लालबुंद तापवून, फुगलेली असतांना चाकावर घालावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचें, म्हणजे ती आवळून बसते. माप चुकलें तर ती एक तर बसत नाहीं, किंवा भर वाटेंत सुटते. झूल स्वतः घालणारा तोच कास्तकार धांवेसाठीं मात्र चाक घेऊन कारागिराकडे जातो, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं. झुलीचें चुकलें तर शोभा जाते; धांवेचें चुकलें तर बंडी उलटते, आणि बंडींत तो एकटा नसतो.

स्पॉइलरची अडचण अशी कीं तो दिसतो झुलीसारखा आणि वागतो धांवेसारखा. उभ्या गाडीवर तो शोभेचा, धांवत्या गाडीवर ओझें पेलणारा. विकणारा त्याला शोभा म्हणून विकतो, म्हणून घेणाराहि तो शोभेच्याच मनानें बसवितो.

बसविण्याचें काम वरवर सोपें आहे खरें. कागदाच्या पट्ट्या लावून जागा आंखावयाची, पत्रा अल्कोहोलनें पुसून तेलकटपणा काढावयाचा, आणि चिकटपट्टी दाबून बसवावयाची. पण ती चिकटपट्टी साधारणतः २१ ते ३८ अंशांच्या उष्णतेंत नीट धरते, आणि तिची पूर्ण ताकद यावयास सुमारें ७२ तास लागतात. नागपूरचा मे महिना ४५ अंशांवर जातो. उन्हांत उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाहीं, आणि पुसलेल्या जागेवर घटकाभरांत पुन्हां धूळ बसते. अशा दुपारीं अंगणांत चिकटविलेला पंख संध्याकाळीं घट्ट वाटतो, आणि त्याच रात्रीं मुलगा मित्रांना घेऊन महामार्गावर निघतो. मोठा पंख तर स्क्रूंनीं बसवावा लागतो; त्यासाठीं डिकीच्या पत्र्याला भोकें पाडणें आलें. त्या भोकांच्या कडा घांसून त्यांना गंजरोधक रंग व वर पाणीबंद लेप दिला नाहीं, तर पहिल्याच पावसाळ्यांत गंज सुरू होतो, आणि तो आंतून असल्यामुळें दिसत नाहीं.

हा पंख सुटला तर तो आपल्या अंगावर पडत नाहीं. तो मागून येणाऱ्यावर पडतो. ताशीं १२० किलोमीटरांनीं मागें येणाऱ्या कुटुंबाच्या गाडीस त्या पंखाशीं, त्याच्या हौसेशीं, वाचविलेल्या मजुरीशीं कांहींएक देणेंघेणें नसतें. आमच्या मतें सगळ्या प्रश्नाची गांठ येथें आहे. स्वतःच्या जिवावर खेळण्याचा हक्क मनुष्यास कितपत आहे यावर पंडितांनीं वाद घालावा; परक्याच्या जिवावर शिकाऊ हात चालविण्याचा हक्क कोणासच नाहीं, यावर वाद नाहीं. मुलानें काम स्वतः करावें, पण ज्याला येतें त्याच्याजवळ उभें राहून आधीं शिकावें, आणि चिकटलें आहे कीं नाहीं हें बोटानें न पाहतां तीन दिवसांनीं पाहावें. एवढा धीर नसेल तर त्यानें झुलींवर समाधान मानावें. रंग, आसनांचे गिलाफ, आरशाला बांधावयाची माळ, हौसेला जागा पुष्कळ आहे.

तर मग दुकानांत नेली कीं सुटलों? तसेंहि नाहीं. ४ मे १९६९ रोजीं बार्सिलोनांतील माँट्ज्युइक येथें स्पेनची ग्रां प्री शर्यत झाली. लोटस या नामांकित संघाच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख, एकाच उंचवट्यावरून जातांना, एकामागून एक मोडले. ग्रॅहम हिल बचावला, जोकेन रिंट जखमी झाला. लगेच पुढल्या, मोनॅकोच्या शर्यतीच्या वेळीं असे उंच पंख बंद करण्यांत आले. जगांतील उत्तमोत्तम धंदेवाईकांनीं बसविलेले पंख होते ते. धंदेवाईक असणें म्हणजे जाणता असणें नव्हे, आणि जाणता असणें म्हणजे त्या दिवशीं काळजी घेणें नव्हे.

कायद्याचीहि दृष्टि येथें विचार करण्यासारखी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें गाडींत करावयाचा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ च्या निकालांत हीच गोष्ट कडकपणें सांगितली. आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. प्रत्येक लहान पट्टी या कलमांत येते असें आमचें म्हणणें नाहीं. पण कलमांतला शब्द पाहावा: ‘मालक’. पंख कोणीं चिकटविला, भोक कोणीं पाडलें, हें तेथें विचारलेलें नाहीं. पावती दाखवून मागच्या गाडीवाल्यास उत्तर देतां येत नाहीं, हें कायदा करणाऱ्यांस बरोबर उमगलें आहे.

शिवाय दुकान म्हणजे कोण, हेंहि पाहावें. पाटी मालकाची असते. हात असतो पत्र्याच्या छपराखालीं सकाळपासून राबणाऱ्या एखाद्या अठरा-वीस वर्षांच्या पोराचा. गिऱ्हाईक आंत गार हवेंत बसून चहा घेतें, बाहेर तो पोर घाम पुशीत भोकें पाडतो, आणि पुढची गाडी रांगेंत उभी असते. लेप देण्यास लागणारीं दहा मिनिटें त्याला कोणी दिलेलीं नसतात. गिऱ्हाईक बाहेर येऊन त्याच्याजवळ उभें राहिलें, घाई नाहीं म्हणालें, आणि पंख बसण्यापूर्वीं भोकाची कड दाखव म्हणालें, तर तो बहुधा रागावत नाहीं. उलट हातांतलें काम थांबवून डिकी उचलून धरतो, आणि कोणतें भोक कां तिरपें घेतलें तें सांगूं लागतो.