कंपायलर बघून घेईल म्हणे!

"कंपायलर बघून घेईल, सर." हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर उच्चारायचं नाही. काय बघून घेईल? तुझा मामा लागतो का तो?

बस. लॅपटॉप उघड. हे तुझंच फंक्शन ना? लिंक्ड लिस्टची बेरीज. या नोडची किंमत अधिक उरलेल्या लिस्टची बेरीज, ती रिटर्न. किमती इंट होत्या तोवर ५० लाख नोडांची लिस्ट ओ-टू ऑप्टिमायझेशनवर सुरळीत चालली. मग इंटचं डबल केलंस आणि सेगमेंटेशन फॉल्ट. वर मलाच सांगतोस, "काहीच बदललं नाही सर, फक्त टाइप बदलला." फक्त?

टेल कॉल म्हणजे काय? बोल. फंक्शनचं शेवटचं काम म्हणजे तो कॉल. बरोबर. मग तुझ्या फंक्शनचं शेवटचं काम कोणतं? कॉल? नाही, बेरीज. कॉल परतल्यावर अधिक करायचं बाकी आहे, म्हणजे फ्रेम मोडता येत नाही. एकेका कॉलला १६ बाइट धर, जास्त नको. ५० लाखांचे झाले ८ कोटी बाइट. लिनक्सवर स्टॅक सहसा किती असतो? ८ एमबी. एवढा हिशोब तोंडी येत नाही तुला? येतो. केला नाहीस.

मग इंटला कसं चाललं? जीसीसीने तुझी अब्रू झाकली म्हणून. पूर्णांकांच्या बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, तेव्हा त्याने स्वतःच एक ॲक्युम्युलेटर घातला आणि तुझ्या रिकर्शनचा लूप करून टाकला. डबलमध्ये कंस हलले की शेवटचे आकडे हलतात. तू सांगितल्याशिवाय तो तिथे हात लावत नाही. त्याला काय करायची मुभा आहे आणि काय नाही, हे त्याला नेमकं ठाऊक आहे. तुला आहे का?

आणि यावर तू काढलेला उपाय! नेटवर कुठेतरी सापडलं म्हणून मेकफाइलमध्ये फास्ट-मॅथ चिकटवलंस. क्रॅश गेला, स्वारी खूश. बेरजेचे शेवटचे आकडे जुन्या उत्तराशी जुळेनात, ते पाहिलंस? फास्ट-मॅथ म्हणजे कंपायलरला दिलेलं लेखी वचन, की माझ्या प्रोग्रॅममध्ये नॅन नाही, इन्फिनिटी नाही, बेरजा हव्या तशा फिरव. आणि त्याच फाइलमध्ये खाली नॅन तपासणारी ओळ तूच लिहिली आहेस. ती ओळ आता तो खुशाल उडवू शकतो. एका हाताने वचन द्यायचं, दुसऱ्या हाताने मोडायचं, आणि चुकलं की "टूलचा बग आहे" म्हणायचं.

"लूप लिहिला असता तरी क्रम बदललाच असता ना?" बदलला असता. शाब्बास, डोकं आहे. पण तो बदल तू केलेला असता, डोळे उघडे ठेवून, त्या एका फंक्शनपुरता. इथे तू अख्ख्या प्रोग्रॅमवर सही करून मोकळा झालास.

आता इनलाइन. देवाचा अंगारा लावावा तसा प्रत्येक फंक्शनच्या कपाळावर तो शब्द फासला आहेस. तीनशे ओळींच्या पार्सरलासुद्धा! त्या शब्दाने जीसीसीची मर्यादा जरा सैल होते, इतकंच. फंक्शन त्याला अवजड वाटलं तर तो तुझा शब्द बाजूला ठेवतो. ठेवायलाच हवा. तीनशे ओळी जागोजागी ओतल्या तर पहिल्या पातळीच्या इन्स्ट्रक्शन कॅशमध्ये काय राहील? ती कॅश पुष्कळ प्रोसेसरांत ३२ केबीची असते.

आणि हे बघ. क्यूसॉर्टला द्यायच्या कम्पेअर फंक्शनला इनलाइन! हे बघून मला हसावं की रडावं कळेना. क्यूसॉर्ट राहतो सी लायब्ररीत, आधीच कंपाइल होऊन बसलेला. तू त्याला फंक्शनचा पत्ता देतोस. तो प्रत्येक तुलनेला त्या पत्त्यावर उडी मारतो. कोण कोणाच्या पोटात शिरणार? सी प्लस प्लसमधला सॉर्ट टेम्प्लेट असतो, त्याचा मजकूर कंपायलरच्या डोळ्यांसमोर असतो, म्हणून तिथे कम्पेअर आत मुरू शकतं. हा फरक तुला माहीत नाही असं मला सांगू नकोस. मागच्या सत्रात वर्गाला तो तूच समजावला होतास.

इनलाइनिंगने कॉलचा खर्च वाचतो, हे तू पेपरात लिहिलंस. अर्धे मार्क. खरी कमाई पुढे आहे. फंक्शनचा मजकूर कॉलरमध्ये आला की कॉलरचे स्थिरांक आत उतरतात, इफची एक बाजू मरते, लूप सुटसुटीत होतो. कॉल वाचणं ही वरकमाई. घोकंपट्टी करणाऱ्याने अर्ध्यावर थांबावं. तू का थांबलास?

लिंकरचं तर बोलायलाच नको. ओ-झीरोवर "अनडिफाइन्ड रेफरन्स" आलं, तर तू काय केलंस? ओ-टू लावलंस आणि एरर दिसेनाशी झाली! सी-९९ पासून नुसत्या इनलाइन व्याख्येतून बाहेर दिसणारं सिम्बॉल तयार होत नाही. ओ-टूला कॉलच उरला नाही म्हणून लिंकर गप्प बसला. स्टॅटिक इनलाइन लिहायचं, विषय संपला. धूर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेण्याची ही सवय तुला लागली कुठून?

"फंक्शन कॉल महागच असतात ना सर?" १९७७ साली गाय स्टीलने नेमकी हीच समजूत झोडपली होती. कॉल महाग नसतो, कंपायलर गचाळ असतो, आणि टेल कॉल म्हणजे पॅरामीटर घेऊन जाणारा गोटू, असं त्याचं म्हणणं. स्कीमच्या प्रमाणात टेल कॉलची हमी लिहिलेलीच आहे. सीच्या प्रमाणात नाही. तू सी लिहितोस आणि हमी स्कीमची धरतोस.

मला राग कशाचा येतो, सांगू? तुला येत नाही याचा नाही. याच फळ्यावर मसाविचं रिकर्शन तू गोटूत बदललं होतंस. दोन्ही पॅरामीटर एकदम बदलायचे आहेत, सरळ लिहिलं तर जुना ए पुसला जाईल, टेम्पररी व्हेरिएबल हवं, हे कोणी न विचारता तू बोललास. वर्गात दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि तोच तू आता "बहुतेक ऑप्टिमाइझ होत असेल" म्हणतोस? बहुतेक? काखेत कळसा आणि गावाला वळसा! डॅश-एस दिलं की असेंब्ली समोर येते. ऑप्ट-इन्फो मागितलं की काय इनलाइन झालं, काय नाही, ते जीसीसी ओळ नंबरासकट सांगतो. विचारायचे कष्ट नकोत तुला. उत्तर आलं की मग काम करावं लागेल ना!

"सबमिशन होतं, वेळ नव्हता." फास्ट-मॅथ शोधायला वेळ होता?

उद्या दहाला ये. बेरजेचं फंक्शन तीन तऱ्हांनी लिहून आण: आहे तसं, ॲक्युम्युलेटर पॅरामीटर घालून, आणि साधा लूप. तिन्हींची असेंब्ली, ओ-झीरोची आणि ओ-टूची. छापून. कॉल कुठे उरला, जंप कुठे झाला, पेन्सिलीने खुणा कर. ॲक्युम्युलेटरवाल्यात ओ-झीरोला कॉल तसाच दिसेल. मग सीमध्ये यावर विसंबायचं की नाही, हे मी सांगणार नाही, तू सांगायचंस. कंपायलरकडून टेल कॉलची सक्ती करून घेणारं मस्टटेल वाचून ये. क्लँगमध्ये ते २०२१ पासून आहे, जीसीसीत १५व्या आवृत्तीत आलं. आणि ते फास्ट-मॅथ उद्या नाही, आत्ता काढ. माझ्यासमोर.