विस्तव, धूर आणि बिघडलेली गोधडी



आजच्या वाचनात गीतेच्या अठराव्या अध्यायातला ४८वा श्लोक आहे. भावार्थ थोडक्यात असा, की आपल्या वाट्याचं काम सदोष आहे म्हणून ते टाकू नये. विस्तव म्हटला की धूर आलाच, तसा प्रत्येक आरंभाला काही ना काही दोष चिकटलेला असतोच. त्यातलं 'सहज कर्म' म्हणजे नेमकं काय, हा मोठा विषय आहे, तो पुन्हा कधीतरी. आज फक्त धुराबद्दल बोलू.

प्रश्न साधा आहे. मन लावून केलेलं काम बिघडलं तर हसावं का? आपल्यातल्या बऱ्याच साधकांना वाटतं की हसलो म्हणजे काम हलक्यात घेतलं. सेवा म्हणून केलं असेल तर अजूनच अपराधी वाटतं. मला यावर विचार करायला गोधडी फार उपयोगी पडली.

आपली जुनी गोधडी, कोल्हापूरकडची वाकळ, ही मुळात क्षमाशील वस्तू. विरलेल्या साड्या आणि धोतरं एकावर एक अंथरायची, वर ठिगळं लावायची आणि धावदोरा घालत जायचं. टाका तिरका गेला तरी ऊब कमी होत नाही. पण आता जी चौकोनाला चौकोन जोडून, मधे कापसाचा थर घालून करतात, ती गोधडी पक्की हिशेबी आहे. शिवणीसाठी पाव इंच कड सोडायची, हा तिचा नियम. समजा प्रत्येक शिवण फक्त १ मिलिमीटर आत गेली. मग दोन्ही बाजूंचं मिळून २ मिलिमीटर कापड खाल्लं गेलं. एका ओळीत २१ चौकोन असतील तर शिवणी २०, म्हणजे ओळ ४ सेंटिमीटरने आखूड! पुढची ओळ दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बरोबर शिवली, की दोन ओळींचे कोपरे एकमेकांना भेटतच नाहीत. आमच्या कोडमध्ये राउंडिंग एरर साचत जाते ना, अगदी तसंच. शिवाय कापड उरेब कापलं गेलं तर ताणून वाकडं होतं, अस्तर सैल राहिलं तर चुण्या पडतात आणि एखादा लाल तुकडा पहिल्या धुण्यात आपला रंग सगळ्यांना वाटून टाकतो.

आमच्या सत्संगातल्या एका ताईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं. आई गेल्यावर तिच्या सहा सुती साड्या त्यांनी कापल्या. एक गोधडी भावाला आणि एक स्वतःला, असा बेत होता. पहिली तयार झाली, धुतली आणि मरून साडीचा रंग सुटला. आईची आवडती मोतिया साडी गुलाबी होऊन बसली. इथे हसण्यासारखं काय आहे? काहीच नाही. कोडमध्ये आम्ही बदल मागे घेतो, शिवण उसवता येते, पण कात्री लागलेली साडी परत साडी होत नाही आणि ती साडी नेसणारी तर कधीच परत येत नाही. ताईंनी ती गोधडी पिशवीत भरून कपाटावर टाकली. दुसरी करायची नाही असं ठरवलं.

मग एकदा मावशी आल्या. त्यांनी पिशवी उघडली, बराच वेळ कापडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, अक्काला जन्मभर गुलाबी साडी हवी होती. तुझ्या वडिलांनी कधी आणली नाही. बघ, शेवटी मिळवलीच हिने!" दोघी हसल्या आणि हसता हसता रडल्याही. पुढच्या आठवड्यात ताईंनी उरलेले तुकडे रंगानुसार वेगळे केले, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतले आणि दुसरी गोधडी शिवायला घेतली.

मला या प्रसंगात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे, हसायला सुरुवात कोणी केली? ज्या बाईचंही तेवढंच नुकसान झालं होतं, तिने. बहीण तिची गेली होती. हेच वाक्य शेजारणीने टाकलं असतं तर ते टोचलं असतं. दुसऱ्याच्या बिघडलेल्या कामावर आधी आपण हसायचं नाही. जिथे आपल्या कामाने दुसऱ्याचं नुकसान होतं, तिथे तर आधी दुरुस्ती आणि मग बाकी सगळं. कुणाच्या खात्यातून दोनदा पैसे कापले गेले आणि आम्ही टीममध्ये विनोद करत बसलो, तर त्याला अनासक्ती म्हणत नाहीत, निर्लज्जपणा म्हणतात.

दुसरी गोष्ट म्हणजे, हसून झाल्यावर हात कुठे गेला? सुईकडे. आणि नुसता सुईकडे नाही, तर आधी कापड धुवून मग सुईकडे. खरं हसू आणि पळवाटेचं हसू यातला फरक मला इथेच दिसतो. "जाऊ दे यार, आपल्याला काय जमतंय" असं हसून पिशवी परत कपाटावर ठेवली तर ते हसू फक्त पांघरूण आहे, खाली अभिमान तसाच कुढत बसलेला. ज्या हसण्यानंतर काम थोडं अधिक नीट होतं, त्या हसण्यात आपण कामाला हलकं केलेलं नसतं, स्वतःला हलकं केलेलं असतं.

अमेरिकेतल्या आमिश बायकांबद्दल एक गोष्ट सांगतात. देवाशिवाय कुणी परिपूर्ण नाही, म्हणून त्या गोधडीत मुद्दाम एक तुकडा चुकीचा लावतात, अशी. गोधड्यांच्या इतिहासाचे अभ्यासक ही दंतकथाच मानतात. ऐकायला गोड आहे, पण जरा विचार करा. नम्रता दाखवायला मुद्दाम चूक करावी लागते, म्हणजे एरवी आपलं काम निर्दोषच झालं असतं, असं गृहीत धरलंय की नाही? विस्तवाला वेगळा धूर आणून द्यावा लागत नाही, मंडळी. तो न मागता येतो.

आपल्याकडची नामदेवांची कथा मला याहून खरी वाटते. नामदेव शिंपी कुळातले, म्हणजे सुईदोऱ्याच्या घरचे. संतमेळ्यात गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले, मडकी तपासतात तसं. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले आणि निकाल लागला की मडकं कच्चं आहे! सगळे हसले. नामदेवांना ते फार लागलं. पण ते विठ्ठलाला सोडून गेले नाहीत, पुढे विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. आता कुंभाराच्या बाजूने बघा. भाजलेलं मडकं फुटलं की खापरं उरतात. कच्चं मडकं बिघडलं तर माती पाण्यात भिजवून पुन्हा चाकावर चढवता येते. 'कच्चं' हा शब्द ऐकायला अपमानाचा वाटतो, पण त्यात केवढी सोय आहे!

आपण सगळे पहाटे उठायचं ठरवतो, नामस्मरणाचा नेम धरतो, आणि आठव्या दिवशी कोपरे जुळेनासे होतात. मग वाटतं की आपल्याला भक्ती जमणारच नाही, पिशवी कपाटावर. तसं वाटलं की आजचा श्लोक आठवा. धूर दिसतोय याचा अर्थ खाली विस्तव आहे. विझलेल्या चुलीला काही कुणी धुराबद्दल बोल लावत नाही.

आजचा अभ्यास छोटाच आहे. बिघडलं म्हणून अर्धवट सोडलेलं एक काम बाहेर काढा. वीण असेल, वही असेल, नेम असेल, नाहीतर कुणाला करायचा राहिलेला फोन. त्याच्याकडे बघून मनापासून हसा. मग जिथे उसवायला हवं तेवढंच उसवा आणि दहा टाके घाला. आज दहाच पुरेत.

उद्या ४९वा श्लोक. जय हरी!