बाजारभाव आणि ऋण

जी वस्तु बाजारांत खपत नाहीं तिला मोल नाहीं, असें अनुमान पुष्कळ विचारी माणसेंही सहज करून जातात. स्त्रियांच्या धंदेवाईक फुटबॉलविषयीं इंग्लंडांत व इतरत्र जो वाद चालला आहे, त्याच्या मुळाशीं हेंच अनुमान आहे. पुरुषांच्या सामन्यांस प्रेक्षक व जाहिरातदार अधिक, म्हणून पैसा अधिक. स्त्रियांच्या सामन्यांस ते कमी, म्हणून पैसा कमी. यांत अन्याय तो कोणता, असें विचारलें जातें. विचारणारा मनुष्य दुष्ट असतो असें नाहीं. बहुधा तो चोख हिशेबाचा भोक्ता असतो. तेव्हां त्याला उत्तर द्यावयाचें तें दयेच्या भाषेंत न देतां त्याच्याच हिशेबाच्या वहींतून द्यावें, हें बरें.

त्या वहीचीं मागचीं पानें चाळलीं तर काय दिसतें? पहिल्या महायुद्धांत इंग्लंडांतील पुरुष रणांगणावर गेले आणि त्यांच्या जागीं कारखान्यांत स्त्रिया आल्या. प्रेस्टन येथील डिक, कर आणि कंपनीच्या कारखान्यांतील मुलींनीं १९१७ सालीं आपला फुटबॉलचा संघ उभारला. २६ डिसेंबर १९२० रोजीं लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या संघाचा सेंट हेलेन्सच्या संघाशीं सामना झाला, तेव्हां आंत सुमारें ५३,००० प्रेक्षक होते व आणखी हजारोंना दारावरून परतावें लागलें. तीन हजारांहून अधिक पौंड जमले, ते धर्मकार्यास गेले. खेळणाऱ्या मुलींस सामन्यामागें दहा शिलिंग मिळत.

यानंतर वर्षही पुरें झालें नाहीं तोंच, ५ डिसेंबर १९२१ रोजीं, फुटबॉल असोसिएशननें ठराव केला कीं, हा खेळ स्त्रियांस सर्वथा अयोग्य असून त्यास उत्तेजन देऊं नये, व संलग्न क्लबांनीं आपलीं मैदानें अशा सामन्यांस देऊं नयेत. ठरावांत आणखी एक तक्रार होती, ती मोठी मासलेवाईक आहे. जमलेल्या पैशाचा फार मोठा भाग खर्चांत जातो, धर्मकार्यास पुरेसा पोंचत नाहीं, अशी ती तक्रार! पुरुष खेळाडूंनीं खेळावर पोट भरण्यास याच संस्थेनें १८८५ सालींच मान्यता दिली होती. पुरुषानें खेळून पगार घेतला तर तो व्यवसाय, स्त्रीनें दहा शिलिंग घेतले तर ती धर्मादायाची गळती!

ही मैदानबंदी उठली १९७१ सालीं. म्हणजे ज्या दुकानास सुमारें पन्नास वर्षें कुलूप होतें, त्याची विक्री शेजारच्या दुकानापेक्षां कमी कां, असें आज विचारलें जात आहे. आणि नुकसान केवळ तिकिटांचें झालें नाहीं. फुटबॉलचा प्रेक्षक बहुतांशीं वारशानें येतो. बाप मुलाला खांद्यावर बसवून मैदानावर नेतो, तो मुलगा पुढें आपल्या मुलाला नेतो. संघाचे रंग, जुन्या विजयांच्या कथा आणि जुन्या पराभवांची सल पिढ्यान्‌पिढ्या हातीं येत राहते. हें भांडवल कोणत्याही ताळेबंदांत लिहिलेलें नसतें, पण सारी तिकीटविक्री त्याच्यावरच उभी असते. प्रेस्टनच्या संघांतील विख्यात लिली पार हिनें मनोरुग्णालयांत परिचारिकेची नोकरी करीत आपला खेळ चालविला. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयानें तिला सन्मानाचें स्थान दिलें तें २००२ सालीं, तिच्या मरणानंतर.

दार उघडल्यावर लोक आले, हें खरें. ३१ जुलै २०२२ रोजीं वेंब्ली येथें इंग्लंड व जर्मनी यांचा अंतिम सामना ८७,१९२ लोकांनीं पाहिला. त्याच वर्षीं बार्सेलोनांत दोन वेळां ९१,००० हून अधिक प्रेक्षक जमले. या आंकड्यांनीं कित्येक मंडळी हुरळून जातात. आम्ही तितके हुरळत नाहीं. सणाच्या दिवसाच्या गर्दीवर धंदा उभा राहत नाहीं, हें अमेरिकेनें अनुभवलेलें आहे. तेथें १९९९ सालीं पॅसाडीना येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यास ९०,१८५ प्रेक्षक होते. त्या उत्साहांत २००१ सालीं सुरू झालेली लीग २००३ सालीं बंद पडली. २००९ ची दुसरी लीगही अल्पायुषी ठरली. २०१३ ची तिसरी मात्र टिकली. इंग्लंडांतील स्त्रियांची वरिष्ठ लीग २०११ सालीं निघाली व २०१८ पासून पूर्णपणें धंदेवाईक झाली. तरीही रेडिंगच्या क्लबाची आर्थिक स्थिति खालावतांच २०२४ सालीं त्याच्या स्त्रीसंघास दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा सोडावी लागली.

तेव्हां रोप वाढेपर्यंत पाणी घालणार कोण, हा खरा प्रश्न आहे. पुरुषांचे क्लब तें घालतात, पण दान म्हणून. आम्ही त्यास ऋण म्हणतों, आणि हा भेद शब्दांपुरता नाहीं. दात्याला हात आंखडतां येतो. ऋणकोला ती मोकळीक नसते. आजच्या मालकांनीं १९२१ चा ठराव केला नव्हता, ही त्यांची सबब आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्या ठरावाच्या आश्रयानें वाढलेली गर्दी त्यांनीं वारसा म्हणून घेतलीच ना? बापाचें ऋण मुलानें फेडावें असें आपलें धर्मशास्त्र सांगतें, तें कांहीं मुलानें तें काढलें म्हणून नव्हे.

मात्र ऋणाला मर्यादाही असते. क्लबांतील पगार आजच तंतोतंत सारखे व्हावे, असें आम्ही म्हणत नाहीं. ते प्रेक्षकांबरोबर वाढतील. राष्ट्राच्या नांवानें खेळण्याची गोष्ट निराळी. तेथें कर्तव्य एक, म्हणून मोबदलाही एकच असावा. अमेरिकेच्या फुटबॉल संस्थेनें २०२२ सालीं तसा करार केला, तो आम्हांस योग्य वाटतो.

क्लबांनीं परतफेडीस आरंभ मैदानांपासून करावा. हिरावलीं गेलीं तीं मैदानेंच. लंडनच्या आर्सेनल क्लबानें २०२५-२६ च्या हंगामांत आपल्या स्त्रीसंघाचे लीगमधील सर्व घरचे सामने एमिरेट्स या आपल्या मुख्य मैदानावर ठेविले. कित्येक क्लबांचे स्त्रीसंघ मात्र अद्याप आपले बहुतेक सामने दूरच्या लहान मैदानांवर खेळतात, आणि मोठें मैदान त्या दिवशीं रिकामें पडलेलें असतें.