फलटणचे ओटे आणि यरुशलेमची वाट

ईश्वर सर्वत्र भरून राहिला आहे असे एकदा स्वीकारले, म्हणजे त्याच्या शोधार्थ अमुक गावच्या अमुक स्थानापुढे मस्तक टेकण्यास जाणे बुद्धीला कसे पटावे, हा प्रश्न नास्तिकांच्या आधी श्रद्धावंतांनीच विचारलेला आहे. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनची माता हेलेना पॅलेस्टाइनची यात्रा करून आली, ख्रिस्ताच्या थडग्यावर उभारलेल्या मंदिराचे ३३५ साली समर्पण झाले, आणि यरुशलेमकडे यात्रेकरूंची रीघ लागली. त्याच शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने, स्वतः ते नगर पाहून आल्यावर, एका पत्रात निःसंदिग्धपणे लिहिले की जागा बदलल्याने कोणी ईश्वराच्या अधिक समीप जात नाही. तरीही यात्रा थांबल्या नाहीत. पुढे १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन पंडित ईलाय स्मिथ या अरबी जाणणाऱ्या सोबत्यासह तो मुलूख हिंडला, आणि गावांच्या प्रचलित अरबी नावांत बायबलमधील प्राचीन नावे ओळखून त्याने कित्येक विस्मृत स्थळे निश्चित केली. तेव्हापासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ग्रंथ हाती घेऊन त्या भूमीत जावे, हा शिरस्ताच पडून गेला.

आपल्या महाराष्ट्रात या शिरस्त्यास साजेसे क्षेत्र शोधू गेल्यास माझी दृष्टी फलटणावर स्थिरावते. बाणगंगेच्या काठचे हे गाव निंबाळकरांचे संस्थान म्हणून आणि आळंदीहून निघणाऱ्या पालखीचा मुक्काम म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु महानुभाव पंथीयांच्या लेखी ते पंचकृष्ण या पाच अवतारांपैकी श्रीचक्रपाणी, म्हणजेच चांगदेव राऊळ, यांचे जन्मस्थान आहे, म्हणूनच पंथीय त्यास दक्षिण काशी म्हणतात. लीळाचरित्राप्रमाणे चांगदेव राऊळ हे येथील एका कऱ्हाडे ब्राह्मण कुळात जन्मले, गृहस्थाश्रम सोडून माहूरला गेले, तेथे व्याघ्ररूपातील श्रीदत्तात्रेयांनी त्यांच्या मस्तकी पंजा ठेवला, आणि पुढे द्वारावतीस जाऊन ते हाती खराटा व सूप घेऊन तेथील रस्ते झाडू लागले. द्वारावतीतच त्यांनी देहत्याग केला व भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळ याच्या निष्प्राण देहात प्रवेश केला, तेच पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर, अशी पंथीयांची धारणा आहे. देह गुजरातचा, त्यातील अवतार फलटणचा: ही कथा ज्याने एकदा मनावर घेतली, त्याला जन्मस्थान या कल्पनेविषयी पुन्हा मुळापासून विचार करावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. महानुभावांचे तत्त्वज्ञान द्वैती आहे. देवता मोक्ष देऊ शकत नाहीत, तो अधिकार एका परमेश्वराचाच, असे ते निक्षून सांगते. ज्यांनी देवतांची उपासना इतक्या कठोरपणे नाकारली त्यांनीच अवतारांच्या वास्तव्याच्या जागा ओटे बांधून जपाव्यात आणि त्यांना भक्तिभावाने नमस्कार करावा, यात वरवर पाहता विसंगती दिसते. मला ती विसंगती वाटत नाही. पंथाचे उत्तर संबंधाचे आहे: अवताराचा जिला स्पर्श झाला ती वस्तू प्रसाद व ती भूमी स्थान होते, आणि श्रीचक्रधर उत्तरापंथे निघून गेल्यावर, सन्निधान अंतरले असता, साधकाला स्मरणासाठी हाच आधार उरतो. ग्रेगरीच्या आक्षेपाला याहून प्रांजळ उत्तर मी वाचलेले नाही, कारण येथे ईश्वर त्या जागी अधिक आहे असा दावाच नाही. तो येथे होता, आणि आता नाही, या दुःखातून ही सारी भक्ती उगवलेली आहे.

आणि हे स्मरण सैल नव्हते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले वा ऐकले त्याच्याकडून ते विचारून घेऊन लीळाचरित्रासाठी लीळा जमविल्या. मूळ पोथी धाडीत नाहीशी झाल्यावर हिराइसेसारख्यांच्या पाठांतरातून ती पुन्हा उभी करण्यात आली, आणि जेथे सांगणाऱ्यांत मतभेद होता तेथे तो मतभेदही लिहून ठेवण्यात आला. चौदाव्या शतकातील स्थानपोथीत तर श्रीचक्रधर कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगास बसले, दार कोणत्या दिशेस होते, येथपर्यंत मजकूर आहे. कोणत्याही सरकारी दप्तराने लाजावे अशी ही दक्षता केवळ प्रेमाने केली. पुढे हे वाङ्मय सांकेतिक लिपीत शतकानुशतके झाकून राहिले, आणि इतिहाससंशोधक राजवाड्यांनी त्यातील सकळ लिपीची उकल केल्यावर ते मराठी वाचकांस खुले झाले.

म्हणून फलटणास विद्यार्थी न्यावेत ते काही सिद्ध करण्यासाठी नव्हे. आजच्या देवळांच्या भिंती बाराव्या शतकातील नाहीत, हे शिक्षकाने आरंभीच सांगून टाकावे. सत्य लपवून राखलेली श्रद्धा कोणाच्याही उपयोगाची नाही. परंतु ‘पुरावा काय?’ एवढाच प्रश्न विचारून परतणारा विद्यार्थीही रिकाम्या हातांनीच परततो. ग्रंथ घरात वाचताना अवतार ही एक कल्पना असते. तोच ग्रंथ त्या गावी वाचताना ध्यानात येते की बोलणे चालले आहे ते एका विशिष्ट माणसाविषयी, ज्याला आईबाप होते, घर होते, आणि ते त्याने सोडले. बेथलेहेमात उभा राहणारा ख्रिस्ती विद्यार्थी आणि फलटणच्या जन्मस्थान मंदिरात उभा राहणारा मराठी विद्यार्थी यांना, माझ्या मते, हेच एक ज्ञान मिळते, आणि ते ग्रंथालयात मिळत नाही.

साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतके फलटण जवळ आहे, आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र छापून प्रसिद्ध झालेले आहे. सातारा-सांगलीकडील मराठीच्या आणि तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांना माझी विनंती आहे की, त्यांनी महंतांची परवानगी आधी घ्यावी, पादत्राणे बाहेर ठेवावीत, आणि चांगदेव राऊळांच्या लीळा तेथे बसून मुलांकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात.