कुशीवर पडलेली होडी



२१ मे २०२४ ची संध्याकाळ आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी होडी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सात जणांपैकी एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत दोन लहान मुले होती.

ती होडी शिडाची नव्हती. पण त्यानंतर शिडाच्या छोट्या होड्यांविषयी मी मुद्दाम वाचले. (आपल्याच जिल्ह्यात खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट त्या चालवायला शिकतात.) अशी होडी वाऱ्याने कलंडणे हे नवशिक्याच्या बाबतीत ठरलेलेच. कलंडल्यावर ती थोडा वेळ कुशीवर पडून राहते. तेवढ्यात एकाने पोहत तळाच्या बाजूला जाऊन, तिथून बाहेर आलेल्या फळीवर आपले वजन टाकले, की ती पुन्हा उभी राहते. उशीर झाला तर डोलकाठी पाण्याखाली जाऊन होडी पार पालथी होते. मग ती सरळ करणे फार कठीण. म्हणून काही जण डोलकाठीच्या टोकाला हवेचा फुगा बांधतात. आणि घाबरून डोलकाठीला लोंबकळणारा माणूस स्वतःच्या वजनानेच होडी पालथी करतो.

आपल्यातला एखादा दारूत किंवा कर्जात कलंडतो. मिस्साला येईनासा होतो. सुरुवातीला त्याला लाज वाटते, म्हणजे तो अजून कुशीवरच आहे. संत थॉमस अक्वायनस निराशेला फार घातक मानतात, कारण पापातून मागे खेचणारी आशाच तिच्यात सुटते. सेमिनरीत हे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. अशा माणसाची चर्चच्या पायरीवर चर्चा करणारे आपण, नेमके डोलकाठीला लोंबकळतो.

माझाही दोष सांगतो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात एका घरून मला दोनदा निरोप आला. नाताळची धावपळ संपू दे म्हणून मी थांबलो. गेलो तेव्हा त्या माणसाने दार उघडले नाही. नंतरही नाही.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात (१४:२२-३३) बुडणाऱ्या पेत्राला प्रभूने लगेच हात दिला. संशय का धरलास, हे त्यानंतर विचारले. आपण आधी विचारतो.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाचपासून मी पापनिवेदनासाठी चर्चमध्ये बसेन. पण कोणाकडे त्याआधी जायला हवे असेल, तर आज मिस्सानंतर मला बाजूला घेऊन सांगा. संध्याकाळीच येतो.

तुमचे प्रमुख धर्मगुरू